अठ्ठावन्न भरली, नोकरी सुरू आहे: मग पेन्शनचं काय करायचं?

"पेन्शन चालू केली तर नोकरी सोडावी लागेल ना?"

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी बरीच वर्षं काढली. पीएफचे कागद माझ्याच टेबलावरून जायचे. त्यामुळे अजूनही लालबागपासून डोंबिवलीपर्यंतची ओळखीची माणसं प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून येतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात. वयाची ५८ वर्षं पूर्ण झाली असतील तर नोकरी सोडावी लागत नाही. पगारही घ्या, पेन्शनही घ्या. ५८ च्या आधी हवी असेल तर मात्र नोकरी सुटलेली असावी लागते, आणि जी मिळते ती कायमची कापून मिळते.

एवढं माहीत नसल्यामुळे लोक दोन उलट टोकांच्या चुका करतात. कुणी ५८ ला मालक "अजून दोन वर्षं राहा" म्हणत असतानाही पेन्शन बुडेल या धास्तीने घरी बसतो. कुणी ५२ व्या वर्षी कंपनी बंद पडली म्हणून घाईघाईत फॉर्म भरतो आणि तीन महिन्यांत दुसरीकडे कामाला लागतो. दुसऱ्याचं नुकसान जास्त. कसं ते पुढे येईलच.

आधी तुमची पेन्शन कोणती, ते बघा

सरकारी नोकरीतल्यांना इथे फारसं काही सापडणार नाही. राज्य सरकारात बहुतेकांना ५८ ला आणि चतुर्थ श्रेणीला ६० ला निरोपाचा नारळ मिळतो. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांची जुनी पेन्शन महागाई भत्त्याबरोबर वाढत राहते. त्यांनी स्वतः ठरवायचं असं त्यात थोडंच असतं.

खासगी कंपनी, कारखाना, हॉस्पिटल, खासगी शाळा, सिक्युरिटी एजन्सी अशा ठिकाणी पीएफ कापला जात असेल तर तुमची पेन्शन म्हणजे ईपीएस-९५, म्हणजेच कर्मचारी पेन्शन योजना, १९९५. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. तुमच्या पगारातून कापलेले १२ टक्के सगळेच्या सगळे पीएफमध्ये जातात. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, तेही जास्तीत जास्त १५,००० रुपये पगारावर, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. पीएफ हा गल्ला आहे: जितकं पडलं तितकं व्याजासह तुमचं. पेन्शनला गल्ला नाही, सूत्र आहे. "माझे पेन्शनचे पैसे एकूण किती जमले?" हा प्रश्न म्हणूनच चुकीचा ठरतो, तरी प्रत्येक जण विचारतोच.

दोन गटांना हा हिशोब लागू नाही. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेले आणि तेव्हाच १५,००० च्या वर पगार असलेले लोक ईपीएसमध्ये नसतातच. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर ज्यांनी पूर्ण पगारावरच्या वाढीव पेन्शनचा पर्याय दिला आणि तो मंजूर झाला, त्यांचे आकडे वेगळे.

मग नोकऱ्या मोजा

पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. सलग नको, एकाच मालकाकडे नको, पण नोंदलेली हवी. मुंबईत दहा वर्षांत चार कंपन्या बदललेला माणूस दुर्मीळ नाही, आणि चारपैकी एका ठिकाणचं पीएफ खातं हमखास लटकलेलं असतं. यूएएन म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा तुमचा पीएफचा नंबर; त्याच्या पोर्टलवर जाऊन सर्व्हिस हिस्टरी उघडा. प्रत्येक कंपनीत लागल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख दिसली पाहिजे. सोडल्याची तारीख मालकाने टाकली नसेल तर शेवटचा हप्ता भरल्यावर दोन महिन्यांनी ती आधारच्या ओटीपीवर तुम्हाला स्वतः टाकता येते.

जुनी खाती सध्याच्या यूएएनला जोडून घ्या. एखाद्या जुन्या नोकरीची पेन्शनची रक्कम फॉर्म १०सी भरून काढून घेतली असेल तर ती वर्षं गेली, ती मोजू नका. कित्येकांना आपण असं काही केल्याचं आठवतही नाही. "तेव्हा बहिणीचं लग्न होतं, सगळंच काढलं होतं," हे आठवायला पासबुक समोर लागतं.

नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, तेही आत्ताच पाहा. कंपनीत एक तारीख आणि आधारवर दुसरी असेल तर ५८ कधी भरली यावरच घोळ होतो. काही दुरुस्त्या आता पोर्टलवर स्वतः करता येतात, बाकीच्यांना मालकाची मंजुरी लागते, आणि मालक जिवंत, चालू आणि मुंबईत आहे तोवर ती करून घेण्यात शहाणपण आहे.

आकडा काढा, कागदावरच

सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, कमाल १५,०००. सेवा २० वर्षं किंवा जास्त असेल तर दोन वर्षं बोनस म्हणून मिळतात.

इथे बहुतेकांचा आकडा चुकतो. पगाराची मर्यादा १५,००० झाली १ सप्टेंबर २०१४ पासून. त्याआधी ती ६,५०० होती, आणि आधीच्या वर्षांना ती जुनीच लागते. समजा, कुणी सप्टेंबर १९९६ मध्ये लागला आणि सप्टेंबर २०२६ मध्ये ५८ पूर्ण करतो. पहिली १८ वर्षं ६,५०० च्या दराने, म्हणजे साधारण १,६७० रुपये. पुढची १२ वर्षं १५,००० च्या दराने, म्हणजे २,५७० रुपये. बोनस धरून साडेचार हजारांच्या आसपास. मोबाइलवरचे कॅल्क्युलेटर सरसकट १५,००० ने गुणून पावणेसात हजार दाखवतात आणि घरी तेवढ्यावर बेत आखले जातात.

तीस वर्षं लोकलला लटकून साडेचार हजार. हो, एवढेच. त्यात महागाई भत्ता नाही, म्हणजे ७५ व्या वर्षीही साडेचार हजारच. हे आधी पचवा, कारण ५८ नंतर काम करायचं की नाही याचं अर्धं उत्तर या आकड्यातच आहे. मीरा रोडला वन-रूम किचनचं भाडंसुद्धा यातून भागत नाही.

५८ च्या आधी: पन्नाशीत नोकरी गेली तर

५० पूर्ण झाल्यावर, नोकरी सुटलेली असेल तर, पेन्शन लवकर घेता येते. ५८ ला जितकी वर्षं कमी, तितके दर वर्षाला ४ टक्के कापले जातात. ५३ व्या वर्षी घेतली तर जवळपास पाचवा हिस्सा गेला. ५८ झाल्यावर तो परत येत नाही. तुमच्यानंतर बायकोला मिळणारी पेन्शन म्हणजे तुमच्या पेन्शनची निम्मी, त्यामुळे तिचीही तितकीच कमी.

तरीही नुसत्या गणितात हा सौदा लोक समजतात तेवढा वाईट नाही. ५८ ला ४,००० मिळाले असते तिथे ५३ ला ३,२०० धरा. पाच वर्षांत १,९२,००० रुपये हातात येतात, आणि पुढे महिन्याला ८०० चा तोटा. हातात आलेले पैसे त्या तोट्यात संपायला २० वर्षं लागतात, म्हणजे वय ७८. प्रकृती खचलेली आहे, पुन्हा काम होणार नाही, घरात दुसरी कमाई नाही, अशा माणसाने बिनदिक्कत घ्यावी. उगाच त्याला "थांब, थांब" सांगणाऱ्यांनी त्याचं किराणा बिल भरावं.

नुकसान होतं ते पुन्हा कामाला लागणाऱ्याचं. एकदा पेन्शनर झालात की नवीन नोकरीत तुम्ही ईपीएसचे सभासद होत नाही, त्यामुळे सेवेची वर्षं तिथेच थांबतात. त्याच ५३ वर्षांच्या माणसाने पेन्शनला हात न लावता पीएफवाली दुसरी नोकरी धरली आणि पाच वर्षं केली, तर वर्षाला साधारण २१४ रुपये याप्रमाणे हजारेक रुपये वाढतात. मग ५८ ला त्याच्या हातात ३,२०० नसतात, ५,००० असतात, तेही जन्मभर.

या नियमाचा नोकरीवर आणखी एक परिणाम होतो, तो मी टेबलापलीकडून पाहिला आहे. लवकर पेन्शन घेतलेला माणूस पुढची नोकरी शोधताना "पीएफ नको, रोख द्या" म्हणायला लागतो, कारण पीएफवाल्या नोकरीतून पेन्शनमध्ये त्याची भर पडणार नसते. मालकाला तेच हवं असतं. मग ग्रॅच्युइटी नाही, पगाराची स्लिप नाही, आणि सोमवारी येऊ नका म्हटलं की संपलं. गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावातली पन्नाशीच्या आतबाहेरची किती माणसं वॉचमनच्या खुर्चीत बसली, ते त्या भागात कुणाला सांगायला नको. त्या खुर्चीला पाठ असायची, कागद नसायचे.

म्हणून नोकरी सुटली तर पहिल्या महिन्यात १०डी फॉर्म, म्हणजे पेन्शनचा अर्ज, भरू नका. पुन्हा काम मिळण्याची शक्यता असेल तर नुसतं थांबा. यूएएन तोच राहतो, नव्या नोकरीत सेवा पुढे जोडली जाते. पूर्वीच्या पद्धतीने स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेची नोंद राखून ठेवणारा दाखला, घेतलं तरी चालतं. सहा महिने, वर्ष शोधून काहीच जमलं नाही तर तेव्हा अर्ज करा. जितकं थांबलात तितकी कपात कमीच झालेली असेल.

५८ ला: पगार आणि पेन्शन दोन्ही

आपल्याकडे ही सोय बरीच वर्षं आहे, पण गाजावाजा नसल्यामुळे लोकांना वाटतं की हा कुठला तरी चोरवाटेचा प्रकार. बाहेरच्या देशांत यावर मोठे वाद झाले. नॉर्वेने २०११ मध्ये नियम बदलला: ६२ ते ७५ मध्ये केव्हाही पेन्शन सुरू करा, सोबत कितीही कमवा, कमाईमुळे पेन्शन कापली जाणार नाही. ज्यांची पेन्शन आधी कमाईमुळे कापली जायची, त्यांच्यात या बदलानंतर काम करत राहणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, असं तिथल्या अभ्यासांत दिसलं. कामावर दंड नसेल तर माणसं काम सोडत नाहीत. आमच्या बिल्डिंगमधल्या कुणालाही विचारलं असतं तरी हेच कळलं असतं म्हणा.

आपल्याकडे ५८ पूर्ण झाल्या दिवशी ईपीएसचं सभासदत्व संपतं. नोकरी सुरू असेल तर पीएफ कापणं चालू राहतं, पण मालकाचे पूर्ण १२ टक्के आता पीएफमध्येच गेले पाहिजेत. पेन्शन फंडात जाणारे १,२५० बंद, तेवढे तुमच्या गल्ल्यात जास्त. हा बदल आपोआप होत नाही, पगार करणाऱ्याने तो करावा लागतो.

इथे माझंच उदाहरण देतो, दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. मी ५८ चा झालो तेव्हा मी दुसऱ्या एका कंपनीत होतो. दोनशे माणसांचे पीएफ सांभाळले, आणि माझ्याच नावापुढे सात महिने पेन्शनचे पैसे जात राहिले. अर्ज केल्यावर तो परत आला. आधी चुकून भरलेली रक्कम पीएफमध्ये वळवा, मग बघू. त्या एका दुरुस्तीत माझे आठ महिने गेले. तेव्हा वाढदिवसाच्या आधीच्या महिन्यात एचआरला लेखी कळवा, आणि पुढच्या महिन्यात पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य आलं का ते डोळ्यांनी पाहा.

थांबलं तर ४ टक्के वाढ: भुलायचं का?

नियमातली लवचिकता दुसऱ्या बाजूलाही आहे. ५८ ला पेन्शन न घेता ६० पर्यंत थांबलात तर दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. थांबण्याचे दोन प्रकार आहेत. पेन्शन फंडात हप्ता न भरता थांबायचं, किंवा हप्ता भरत राहून थांबायचं. दुसऱ्यात सेवेची दोन वर्षंही वाढतात.

वरचाच साडेचार हजारवाला घेऊ. हप्ता न भरता दोन वर्षं थांबला, तर ६० ला मिळतील ४,८६० च्या आसपास. वाढ ३६० रुपये. त्यासाठी सोडले २४ महिन्यांचे १,०८,००० रुपये. ते ३६०-३६० करत भरून निघायला २५ वर्षं लागतात, म्हणजे वय ८५. तोवर ७५ ओलांडून एसटीचा प्रवास फुकट होऊनही दहा वर्षं झालेली असतात.

हप्ता भरत थांबला तर चित्र बरं दिसतं. पेन्शन ५,३०० च्या वर जाते, वाढ सव्वाआठशेच्या घरात. सोडलेली पेन्शन आणि पीएफमध्ये न आलेले ३०,००० धरून १,३८,००० गेले, ते ७४ व्या वर्षी वसूल होतात. वाईट नाही. पण हेच १,३८,००० ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला ९४० रुपये व्याज येतं आणि मुद्दल तसंच राहतं, मुलांना किंवा बायकोला मिळतं. पेन्शनमध्ये मुद्दल नावाची गोष्टच नसते.

माझं मत स्पष्ट आहे: हप्ता न भरता थांबू नका, त्यात काही राम नाही. हप्ता भरत थांबणं फक्त अशा माणसाने करावं ज्याच्या हातात पैसा टिकत नाही आणि हे त्याला स्वतःला माहीत आहे. बाकीच्यांनी ५८ ला पेन्शन सुरू करावी, ती बँकेत येऊ द्यावी, आणि तेवढीच रक्कम पगारातून व्हीपीएफ, म्हणजे स्वखुशीचा जादा पीएफ, म्हणून वाढवून कापायला सांगावी. घरखर्च तोच राहतो आणि पेन्शन पीएफच्या व्याजाने वाढते. २०२४-२५ साठी ते व्याज ८.२५ टक्के होतं. पगाराची मर्यादा १५,००० च्या वर गेली तर हे गणित पुन्हा मांडा.

एक्स्टेन्शन, काँट्रॅक्ट की रिटेनर?

५८ नंतर "राहा" म्हणणारा मालक कशावर राहा म्हणतो, ते नीट ऐका. मुदतवाढ असेल तर नोकरी तीच, सेवा सलग, पीएफ आणि ग्रॅच्युइटीचं मीटर चालू. तुमच्या कंपनीचं निवृत्तीचं वय मुळात ५८ आहे की ६०, हेही स्थायी आदेशात किंवा नेमणूकपत्रात पाहून घ्या. ६० लिहिलेलं असताना ५८ ला "मेहेरबानी" म्हणून दिलेली मुदतवाढ मी पाहिली आहे.

हिशोब पूर्ण करून पुन्हा काँट्रॅक्टवर घेतलं तर ग्रॅच्युइटी मिळून जाते आणि पुढचा हिशोब शून्यापासून. रिटेनर किंवा सल्लागार केलं तर पगार नाही, फी मिळते. १० टक्के टीडीएस कापून हातात, पीएफ नाही, रजा नाही. आकडा पगाराएवढाच वाटतो, म्हणून लोक फसतात. मालकाचे वाचलेले पीएफ, ग्रॅच्युइटी आणि रजा यांचा हिशोब काढून तेवढी फी जास्त मागा. मागायला लाजू नका, तुमच्या जागी नवीन माणूस तयार करायला त्याला किती दिवस लागतात ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आणखी एक बारीक गोष्ट. ५५ नंतर निवृत्त होऊन पीएफ पूर्ण काढून घेतलेला माणूस पुन्हा कुठे लागला, तर त्याला पीएफ लावण्याची मालकावर सक्ती उरत नाही. काही एजन्सीवाले मुलाखतीतच विचारतात, "पीएफ काढला ना सगळा?" तो प्रश्न तुमच्या काळजीपोटी नसतो.

पैशाइतकाच मोठा प्रश्न मेडिक्लेमचा. कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर जाते, आणि ५८ नंतर मुंबईत नवीन पॉलिसी घ्यायला गेलं की हप्ता ऐकूनच रक्तदाब वाढतो. कमी पगारावरसुद्धा दोन वर्षं जास्त राहण्याचं हे एक कारण पुरेसं असतं. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, निदान पाच वर्षं असाल आणि वयोमानाने निवृत्त झालात, तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायकोला ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. हे सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून इथे लिहिलं. ७० पूर्ण झाल्यावर आयुष्मानचं ज्येष्ठांचं कार्ड मिळतं, पण मधली बारा वर्षं आपली आपल्याला काढायची असतात.

अर्ज

५८ भरल्यावर फॉर्म १०डी. यूएएन पोर्टलवरून ऑनलाइन करता येतो, नाहीतर कंपनीमार्फत कागदावर. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, जोडीदाराबरोबरचा फोटो, मुलं २५ च्या आतली असतील तर त्यांच्या जन्मतारखांचे पुरावे. ऑफिस तुमच्या घराच्या पत्त्यावरून ठरत नाही, कंपनीच्या कोडवरून ठरतं: पीएफ नंबर एमएचबीएएनने सुरू होत असेल तर वांद्रे, टीएचटीएचएने असेल तर ठाणे. डोंबिवलीचा माणूस ठाण्याच्या रांगेत दोन तास उभा राहतो आणि त्याला वांद्रे पूर्वेला पाठवतात, हे नेहमीचं आहे. अडकलं तर दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट'चं शिबिर असतं, तिथे अधिकारी समोर बसलेला असतो.

पेन्शनवर पगारासारखाच आयकर लागतो. दोन्ही चालू असतील तर एचआरला पेन्शनचा आकडा सांगून ठेवा, नाहीतर जुलैत रिटर्न भरताना एकरकमी भरावा लागतो.

गावी जायचा विचार असलेल्यांसाठी: १ जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत येऊ शकते. पूर्वी मुंबईहून सावंतवाडीला जाताना पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, बदलून घ्यावा लागायचा, आता लागत नाही. हयातीचा दाखला मात्र दर वर्षी द्यावाच लागतो. मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, नोव्हेंबरातच द्यायला हवा असं नाही, आणि दिल्या दिवसापासून १२ महिने चालतो. ज्या महिन्यात पहिल्यांदा द्याल तो महिना भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. मोबाइल बदलतो, भिंत बदलत नाही.